डोळ्यांशिवाय साधलेला नेम

'स्टार वॉर्स'चा १९७७ सालचा पहिला सिनेमा तुम्ही पाहिला असेलच. नसेल तर आज रात्री लावा आणि प्रिन्सेस लेआच्या हातातल्या ब्लास्टरवर पॉज करा. ती वस्तू अंतराळातली बिंतराळातली काही नाही. सोव्हिएत रशियात नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनलेल्या एका पिस्तुलावर थोडी सजावट केलीय, बस्स. ते पिस्तूल डिझाइन करणाऱ्या माणसाला दिसत नव्हतं. चष्म्याचा नंबर जास्त होता असं नाही, अजिबातच दिसत नव्हतं.

त्याचं नाव मिखाइल मार्गोलिन. जन्म १९०६चा, कीव्ह शहरातला. यादवी युद्धाच्या धामधुमीत वाढलेला पोरगा, लवकरच हातात बंदूक आली. १९२४ साली कॉकेससमधल्या एका चकमकीत डोक्याला गोळी लागली. जीव वाचला, दृष्टी गेली. वय वर्षं अठरा. म्हणजे आपण बारावीच्या निकालाची वाट बघत असतो, ते वय.

पुढे मॉस्कोत आल्यावर त्याच्या डोक्यात शस्त्रं बनवायचं खूळ शिरलं. आता विचार करा, हे काम ड्रॉइंगवर चालतं. एका स्प्रिंगची जागा मिलिमीटरभर चुकली तरी सगळं अडतं. त्याला तर कागदावर रेघसुद्धा ओढता येत नव्हती. मग त्यानं कागद सोडूनच दिला. प्लास्टिसिन, मेण, लाकूड, धातू, जे हाताला वळेल त्यातून तो एकेक भाग घडवायचा, बोटांनी चाचपायचा, चुकला तर मोडून पुन्हा करायचा. सगळी मापं डोक्यात. ती तो तोंडी सांगायचा आणि दुसरं कुणीतरी त्यावरून ड्रॉइंग काढायचं.

या टप्प्यावर मलाही वाटलं होतं, चला, आणखी एक जिद्दीची कहाणी. हंगेरीच्या कारोली टाकाचची गोष्ट तुमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेली असणारच. १९३८ मध्ये उजवा हात निकामी, मग डाव्या हातानं १९४८ आणि १९५२ची ऑलिंपिक सुवर्णपदकं. भारी आहेच ती. पण मार्गोलिनमध्ये मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं ते त्याचं पिस्तूल. ते का चांगलं होतं, हे समजून घ्यायला एक प्रयोग करा.

एक लिटरची पाण्याची बाटली भरून घ्या. एका हातात धरून हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करा आणि तशीच धरून ठेवा. स्पर्धेचं पिस्तूल साधारण एवढ्याच वजनाचं असतं. रायफलला खांद्याचा आधार मिळतो, पिस्तुलाला काहीच नाही. आता समजा पंचवीस मीटरवर पाच टार्गेट्स आहेत आणि तुम्हाला पाचांवर एकेक गोळी मारायचीय. आधी आठ सेकंदांत, मग सहा, शेवटी चार. याला रॅपिड फायर म्हणतात. डोळा लागतोच, पण मूठ हातात कशी बसते, वजन पुढे झुकतं की मागे, चाप कुठल्या क्षणी सुटतो, धक्का मनगटात कसा येतो, हे सगळं हातालाच कळतं. आणि हात तर मार्गोलिनकडे होते!

दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं .२२ कॅलिबरचं पिस्तूल तयार झालं. त्यातली एक युक्ती बघा. सेल्फ-लोडिंग पिस्तुलात गोळी सुटली की वरचा भाग, म्हणजे स्लाइड, झटक्यात मागे जाऊन पुन्हा पुढे येते. नेम धरायची मागची खाच पुष्कळदा या स्लाइडवरच असते, म्हणजे दर गोळीला तीही हलते. मार्गोलिननं स्लाइड आखूड ठेवली आणि तिच्यावरून एक स्थिर कमान काढून खाच त्या कमानीवर बसवली. स्लाइड खालून ये-जा करते, नळी आणि खाच जागची हलत नाही. जी खाच त्याला स्वतःला कधीच दिसणार नव्हती, ती त्यानं बघणाऱ्यांसाठी पक्की करून ठेवली.

मग तो आणखी पुढे गेला. गोळी सुटली की पिस्तुलाचं तोंड वर उडतं, कारण नळी मुठीच्या वर असते आणि धक्का मनगटाला वर फिरवतो. मग नळीच खाली आणली तर? त्यानं अख्खं पिस्तूल जवळजवळ उलटं केलं. नळी हाताच्या पातळीला, बाकीची यंत्रणा वर. दिसायला एकदम विचित्र, पण धक्का सरळ मागे येतो, तोंड फारसं उडत नाही आणि पुढच्या टार्गेटवर लगेच जाता येतं. चार सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असताना हा फायदा केवढा मोठा!

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाज ही उलटी रचना घेऊन उतरले. रॅपिड फायरमध्ये येवगेनी चेर्कासोवला ५८५ गुणांसह रौप्य मिळालं. रुमानियाचा श्टेफान पेट्रेस्कू ५८७ गुण घेऊन पुढे राहिला. म्हणजे उलटं पिस्तूल जिंकलंही नव्हतं. तरी त्यानंतर नियम असे बदलले की या रचनेला जागाच उरली नाही. मला विचाराल तर हा थोडा अन्यायच झाला. दुसरी बाजूही आहे म्हणा. दर ऑलिंपिकला प्रत्येकानं नवं यंत्र आणायचं ठरवलं तर स्पर्धा नेमबाजांची राहते की इंजिनीअर्सची? तुम्हीच ठरवा.

उलटं पिस्तूल गेलं, सुलटं मात्र टिकलं. ते कित्येक वर्षं बनत राहिलं आणि देशोदेशींच्या रेंजवर पोचलं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. तिथलं अंतर आणि कॅलिबर मार्गोलिनच्या या पिस्तुलाचंच. मार्गोलिन १९७५ मध्ये गेला, लेआचा सिनेमा यायच्या दोन वर्षं आधी.

कधी एखाद्या शूटिंग स्पर्धेला गेलात तर साहित्य तपासणीच्या टेबलाकडे जरूर बघा. तिथे एक पेटी असते, आतून ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटर. पंचवीस मीटरचं प्रत्येक पिस्तूल त्या पेटीत मावतं का, हे आधी पाहतात आणि मगच ते रेंजवर जातं.