दत्तकाचा हक्क मागणाऱ्या बाकाबाई

राणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोड्यावर बसलेली झाशीची लक्ष्मीबाई उभी राहते. पण त्याच सुमारास आपल्या नागपूरच्या वाड्यातही एक वृद्ध राणी तशाच अन्यायाशी झगडत होती. तिचं नाव बाकाबाई भोसले, दुसऱ्या रघुजीराजांची पत्नी.

पुलगावहून धामणगावला जाताना आपण वर्धा नदी सहज ओलांडतो. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने हीच नदी सीमा झाली. हरलेल्या रघुजींकडून पलीकडचा वऱ्हाड गेला, तो निजामाला मिळाला. कटक कंपनीने घेतलं. गंमत बघा, तीनच दिवसांनी तिकडे अमेरिकेने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला विकत घेतलेल्या लुईझियानाचा ताबा घेतला. तिथल्या मूळ रहिवाशांना कोणी विचारलं नाही, इकडे कास्तकारालाही नाही.

१८१६ साली रघुजी वारले. गादीवर आलेले परसोजी दुबळे, म्हणून कारभार बाकाबाईंनी हाती घेऊ पाहिला. पण पुतण्या आप्पासाहेबांनी त्यांना बाजूला सारलं. पुढे परसोजींचा खून झाला, सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब पदच्युत झाले. १८१८ मध्ये परसोजींच्या विधवा दुर्गाबाईंच्या मांडीवर रघुजींच्या मुलीचा मुलगा दत्तक दिला गेला. तोच तिसरा रघुजी. त्याच्या लहानपणी वाड्याची सूत्रं आजी बाकाबाईंकडे होती, तर राज्याचा खरा कारभार रेसिडेंट जेंकिन्सकडे.

इथेच लक्ष द्या. विधवेने घेतलेला दत्तक तेव्हा इंग्रजांना चालला. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि त्यांच्या राण्यांनी दत्तक मागितला, तेव्हा मात्र तो चालला नाही! डलहौसीने १८५४ मध्ये नागपूर खालसा केलं. रेसिडेंट मॅन्सेलचा विरोधही त्याने जुमानला नाही. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, दागिने कलकत्त्याला विकायला गेले. बाकाबाईंनी हरकत घेतली, अर्ज केले, विलायतेला वकील पाठवले.

१८५७ साली मात्र त्यांनी आपल्या माणसांना बंडापासून दूर ठेवलं. म्हणून काही लोक त्यांना इंग्रजधार्जिण्या म्हणतात. मला ते पटत नाही. हाती फौज नाही, वाड्यात विधवा आणि लेकरं. आधी घर वाचवावं, असं त्यांना वाटलं असेल. १८५८ मध्ये त्या वारल्या. पुढे १८६० मध्ये इंग्रजांनी दत्तक जानोजींना राजेबहादूर किताब दिला, पण राज्य दिलं नाही.

बचत गटाच्या कामात आर्वी, देवळीकडच्या कितीतरी विधवा मला भेटतात. नवरा गेला की सातबाऱ्यावर भावाचं, दिराचं नाव चढतं आणि तिला म्हणतात, तुला काय करायचं? १९५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला मुलांच्या बरोबरीने वारसा दिला, तरी कागद कुणी दाखवत नाही. बाकाबाईंना राज्य मिळालं नाही, पण अर्ज करायचं त्यांनी सोडलं नाही. तलाठ्याकडे जाताना आपणही एकमेकींच्या सोबतीला जाऊया. एकटीला परत पाठवणं सोपं असतं, चौघींना नाही.