कामगारांना पेन्शन देणारा बिस्मार्क स्वतः मात्र पंचाहत्तरीतही खुर्ची सोडायला तयार नव्हता

चाळिशीच्या आतली चार माणसं चहाच्या टपरीवर जमली की हल्ली एक विषय हमखास निघतो. रिटायर झाल्यावर आपलं काय होणार? १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यात मोठा संप झाला. खासगीवाल्यांची भिस्त पीएफवर. आणि डिलिव्हरीच्या गाडीवर फिरणाऱ्या पोराला तर तेवढाही आधार नाही.

पण साध्या कामगाराला म्हातारपणी दर महिन्याला पैसे मिळायला हवेत, आणि त्याचा कायदा सरकारने करायला हवा, ही गोष्ट मुळात सुरू कुठे झाली? तर जर्मनीत. ती सुरू करणारा माणूस कामगारांचा पुढारी वगैरे अजिबात नव्हता. उलट कामगारांच्या पक्षावर बंदी घालणारा, तीन युद्धं लढवून देश उभा करणारा कडवा जमीनदार होता.

नाव ऑटो फॉन बिस्मार्क.

१ एप्रिल १८१५ रोजी प्रशियातल्या शोनहाउझेन गावी त्याचा जन्म झाला. घराणं युंकर, म्हणजे तिथल्या मोठ्या जमीनदारांचं. कायदा शिकायला गोटिंगेनला गेला, पण तिथे अभ्यासापेक्षा तलवारीची द्वंद्वं जास्त गाजवली. नंतर सरकारी नोकरी धरली. ती काही जमेना, म्हणून गावी येऊन शेती बघायला लागला. मग राजकारण, मग सेंट पीटर्सबर्ग आणि पॅरिसला राजदूत, आणि १८६२ मध्ये थेट प्रशियाचा पंतप्रधान.

पुढचं शाळेच्या पुस्तकात आहेच. १८६४ ला डेन्मार्क, १८६६ ला ऑस्ट्रिया, १८७० ला फ्रान्स. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि बिस्मार्क त्याचा चॅन्सेलर झाला.

देश तर झाला, पण आता भांडण घरातच लागलं. कारखाने भराभर उभे राहत होते, खेड्यातली माणसं शहरात येत होती. गावाकडे म्हातारा माणूस निदान शेताच्या आणि भावकीच्या आधाराने जगायचा. शहरात हात थकले की मजुरी बंद, आणि मजुरी बंद म्हणजे चूल बंद. या लोकांचा राग समाजवादी पक्षाकडे वळत होता. १८७५ मध्ये समाजवाद्यांचे दोन गट एक झाले आणि बिस्मार्कची झोप उडाली.

१८७८ मध्ये सम्राट पहिला विल्हेल्म याच्यावर दोनदा गोळीबार झाला. समाजवादी पक्षाचा त्यात हात असल्याचं काही सिद्ध झालं नाही. बिस्मार्कला मात्र निमित्त मिळालं. त्याच वर्षी कायदा करून त्याने समाजवाद्यांच्या सभा, संघटना आणि वर्तमानपत्रं बंद केली.

पण नुसत्या बंदीने काम भागणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. १८६३-६४ च्या सुमारास त्याने समाजवादी नेता फर्डिनंड लासाल याच्याशी गुपचूप भेटी केल्या होत्या. फ्रान्समध्ये राहून त्याने हेही हेरलं होतं की ज्याला सरकारकडून थोडीफार पेन्शन मिळते तो माणूस सरकार उलथवायला निघत नाही. हिशोब सरळ होता. ज्याच्या म्हातारपणाचे पैसे सरकारकडे, तो सरकारच्या बाजूचा.

१७ नोव्हेंबर १८८१ रोजी सम्राटाच्या नावाने राइशस्टागमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, योजना जाहीर झाली. १८८३ ला आजारपणाचा विमा आला, १८८४ ला अपघाताचा. म्हातारपणाच्या पेन्शनला मात्र वेळ लागला. बिस्मार्कला कामगाराकडून काही न घेता सरकारी तिजोरीतून पैसा द्यायचा होता, त्यासाठी तंबाखूचा सगळा धंदा सरकारच्या ताब्यात घ्यायचा होता. राइशस्टागने ते धुडकावलं. शेवटी २४ मे १८८९ रोजी तडजोडीचा कायदा १८५ विरुद्ध १६५ मतांनी कसाबसा पास झाला. गंमत म्हणजे विरोधात मत देणाऱ्यांत समाजवादी खासदारही होते. ही नुसती भीक आहे असं त्यांचं म्हणणं.

१ जानेवारी १८९१ पासून तो लागू झाला. प्रत्येक कामगाराला एक कार्ड मिळायचं. त्यावर दर आठवड्याला एक तिकीट चिकटवायचं, मजुरीप्रमाणे १४ ते ३० फेनिगचं. निम्मे पैसे कामगाराचे, निम्मे मालकाचे. वर सरकार प्रत्येक पेन्शनमागे वर्षाला ५० मार्क घालणार. आज पगाराच्या स्लिपवर पीएफची जी कपात दिसते, तिचा आजोबा म्हणजे हे कार्ड.

पण अटी बघा. वय ७० पूर्ण पाहिजे आणि साधारण ३० वर्षं तिकिटं भरलेली पाहिजेत (सुरुवातीच्या म्हाताऱ्यांना यात सवलत होती). एवढं करून मिळणार किती, तर वर्षाला १०६ ते १९१ मार्क. सर्वात वरच्या गटात वर्षाला ८५० मार्कांहून जास्त कमावणारे कामगार होते, आणि १९१ मार्क त्यांनाच. म्हणजे पाव पगारसुद्धा नाही. त्यात घर चालणार नाही हे करणाऱ्यालाही माहीत होतं. ती रक्कम म्हातारपणी कमी झालेल्या मजुरीला जोड म्हणूनच होती. आरामात बसून खाण्याचं वचन त्या कायद्याने कधी दिलंच नव्हतं. विधवांना तर १९११ च्या कायद्यापर्यंत काहीच नव्हतं.

इथे एक गोष्ट सोशल मीडियावर कायम फिरते. बिस्मार्कने पेन्शनचं वय ६५ ठेवलं, कारण तेवढं कोणी जगतच नव्हतं म्हणे. यातलं अर्धं चूक आहे. वय ७० होतं, ६५ झालं ते १९१६ मध्ये, बिस्मार्क जाऊन १८ वर्षं झाल्यावर. आणि १८७० च्या दशकात जर्मनीत पुरुषाचं सरासरी आयुष्य ३६ च्या आसपास होतं हे खरं असलं, तरी ती सरासरी खाली ओढत होते लहानपणीच दगावणारे जीव. जो विशीपर्यंत तगला, त्याला म्हातारपण दिसण्याची बरी शक्यता होती. तरी सत्तरी गाठणारे कामगार थोडेच. त्यामुळे याच कायद्यातली अपंगत्वाची पेन्शन जास्त लोकांच्या कामी आली. खाणीत किंवा कारखान्यात शरीर मोडलं तर ती सत्तरीच्या आधीही मिळायची.

कायदा झाला तेव्हा बिस्मार्क स्वतः ७४ वर्षांचा होता आणि रिटायर व्हायचा त्याचा काहीही विचार नव्हता. कामाचे तास कमी करा, रविवारी सुट्टी द्या, कारखान्यांची तपासणी वाढवा, या मागण्यांना त्याचा शेवटपर्यंत विरोध. त्याची स्वतःची वार्झिनला कागद गिरणी होती, हे इथे विसरून चालणार नाही.

नवा सम्राट दुसरा विल्हेल्म ३१ वर्षांचा. त्याला कामगारांची मनं जिंकायची होती आणि म्हाताऱ्याची लुडबुड नको होती. जानेवारी १८९० मध्ये राइशस्टागने समाजवाद्यांवरच्या बंदीला मुदतवाढ नाकारली. फेब्रुवारीच्या निवडणुकीत समाजवाद्यांना १४ लाखांहून जास्त मतं पडली, सगळ्या पक्षांत जास्त. पेन्शन देऊनही कामगार काही फुटले नव्हते. मार्चमध्ये, पंचाहत्तरी पूर्ण व्हायला जेमतेम दोन आठवडे असताना, बिस्मार्कला राजीनामा द्यावा लागला.

त्याची निवृत्ती पैशाने आरामाची होती. हॅम्बर्गजवळ फ्रीड्रिशरूला जंगलासकट मोठी जहागीर होती. पण मन रमलं नाही. हॅम्बर्गच्या वर्तमानपत्रातून नव्या सरकारवर तो तोंडसुख घेत राहिला. १८९१ ला राइशस्टागवर निवडून आला, पण त्या जागेवर जाऊन कधी बसलाच नाही. १८९४ मध्ये बायको योहाना गेली. आठवणी लिहून काढल्या, त्यात लढाया आणि डावपेच भरभरून आहेत, कामगारांच्या विम्याबद्दल जवळपास काही नाही. ३० जुलै १८९८ रोजी तो वारला.

त्याची तिकिटांची योजना मात्र टिकली, पण फार मार खाऊन. पहिल्या महायुद्धात साठवलेला पैसा युद्धकर्जात गेला आणि १९२३ च्या महागाईने उरलेला कागदाच्या मोलाचा झाला. १९५७ मध्ये आडेनाउअर सरकारने पद्धतच बदलली. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांना पेन्शन द्यायची आणि पगार वाढेल तशी ती वाढवायची. युद्धातून होरपळून निघालेल्या पिढीला या पद्धतीने खरोखर बरे दिवस दाखवले.

पण हे गणित चालतं ते कमावणारे हात भरपूर असतील तोवर. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत एका पेन्शनरमागे सहा वर्गणीदार होते. आता जेमतेम दोन आहेत. सरकार दरवर्षी १०० अब्ज युरोंहून जास्त पैसे वरून ओततं, तेव्हा कुठे भागतं. आजचा पंचविशीतला जर्मन कामगार वर्गणी पूर्ण भरतो, पण आजोबांइतकी पेन्शन मिळेल यावर त्याचा विश्वास नाही.

२००७ मध्ये तिथल्या संसदेने निवृत्तीचं वय हळूहळू ६७ वर न्यायचं ठरवलं. १९६४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागू आहे. बिस्मार्कच्या ७० पेक्षा तीनच वर्षं कमी, आणि ते पुन्हा ७० करा म्हणणारे अर्थतज्ज्ञ आज जर्मनीत आहेत.