जेरुसलेमची यात्रा फसली आणि 'गोंयचो सायब' गोव्यात आले! सेंट फ्रान्सिस झेविअर यांची गोष्ट

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बासिलिकात सेंट फ्रान्सिस झेविअर यांचं शव चांदीच्या पेटीत ठेवलेलं आहे. साधारण दर दहा वर्षांनी ते भाविकांच्या दर्शनासाठी खाली उतरवलं जातं. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झालेल्या शवप्रदर्शन सोहळ्याला देश-विदेशातून लाखो लोक आले होते. गोव्यातले लोक झेविअर यांना प्रेमानं 'गोंयचो सायब' म्हणतात. विदर्भातही त्यांचं नाव अनोळखी नाही. बुलडाणा जिल्हा, म्हणजे आपलं जळगाव जामोदही, ज्या अमरावती धर्मप्रांतात येतो, तिथलं मुख्य चर्च याच संताच्या नावानं आहे.

ज्यांच्या दर्शनाला लोक यात्रा करून येतात, ते झेविअर स्वतःही यात्रेकरू होते. युरोपातली अनेक तीर्थस्थळं त्यांनी पायी गाठली. पण आयुष्यातली सर्वांत मोठी यात्रा, जिच्यासाठी त्यांनी शपथ घेतली, परवानगी मिळवली, पैसे जमवले, ती यात्रा कधी झालीच नाही. ती फसली म्हणूनच पुढे ते गोव्यात येऊ शकले.

नेमकं काय घडलं होतं? समजून घेऊया.

किल्ल्यातला मुलगा

फ्रान्सिस यांचा जन्म 7 एप्रिल 1506 रोजी झाला. आजच्या उत्तर स्पेनमध्ये तेव्हा नवार नावाचं छोटं स्वतंत्र राज्य होतं. तिथला हाविएर किल्ला हे त्यांच्या आईच्या घराण्याचं वतन. याच नावाचं पुढे झेविअर झालं. वडील नवारच्या राजाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते.

1512 साली शेजारच्या मोठ्या राज्यानं नवार जिंकून घेतलं. 1515 मध्ये वडील गेले. पुढच्याच वर्षी किल्ल्याचे बुरूज आणि तटबंदी पाडण्यात आली. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचे होते. नवार परत मिळवण्यासाठी त्यांचे दोन भाऊ लढले. याच युद्धात 1521 साली पाम्पलोना शहरात विरुद्ध बाजूचा एक योद्धा तोफगोळ्यानं जखमी झाला. त्याचं नाव इग्नेशियस लोयोला.

पुढे याच लोयोलांमुळे फ्रान्सिस यांचं आयुष्य बदलणार होतं.

पॅरिसची खोली आणि सात जणांची शपथ

1525 मध्ये फ्रान्सिस शिक्षणासाठी पॅरिसला गेले. घराण्याची पत घसरली होती. शिकून चर्चमध्ये चांगलं पद मिळवायचं, हा सरळ विचार होता. सेंट बार्ब कॉलेजात त्यांच्या खोलीत पीटर फेबर हा शेतकरी कुटुंबातला मुलगा राहत होता. 1529 मध्ये त्याच खोलीत राहायला आले इग्नेशियस लोयोला. वयानं 15 वर्षं मोठे, पायानं किंचित लंगडे आणि पूर्ण बदललेले. जखमेतून उठल्यावर त्यांनी शस्त्रं खाली ठेवली होती. 1523 मध्ये ते जेरुसलेमची यात्राही करून आले होते.

फेबर लवकर त्यांच्या प्रभावाखाली आले. फ्रान्सिस यांनी मात्र बरीच वर्षं दाद दिली नाही. ते हुशार होते, खेळात तरबेज होते. 1530 मध्ये पदवी मिळवून ते अ‍ॅरिस्टॉटलचं तत्त्वज्ञान शिकवू लागले होते. शेवटी तेही या वाटेवर आले.

15 ऑगस्ट 1534 रोजी पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवरच्या छोट्या चॅपेलमध्ये सात मित्र जमले. त्यांच्यात धर्मगुरू एकच, फेबर. त्यांनी मिस्सा अर्पण केली आणि सगळ्यांनी शपथ घेतली. गरिबीत राहायचं, ब्रह्मचर्य पाळायचं आणि जेरुसलेमची यात्रा करायची.

या शपथेतच एक पर्यायी योजना होती. व्हेनिसला जायचं आणि जहाजासाठी वर्षभर वाट पाहायची. तेवढ्यात जाणं जमलं नाही, तर रोमला जाऊन पोपसमोर उभं राहायचं. ते पाठवतील तिथे जायचं.

या एका अटीनं पुढचा सगळा इतिहास ठरवला.

54 दिवसांची पायपीट

15 नोव्हेंबर 1536 रोजी नऊ जण पॅरिसहून निघाले. तोपर्यंत गटात आणखी तिघे आले होते. इग्नेशियस आधीच पुढे गेले होते आणि व्हेनिसमध्ये त्यांची वाट पाहत होते.

पॅरिस ते व्हेनिसचा सरळ रस्ता बंद होता. फ्रान्सचा राजा आणि सम्राट पाचवा चार्ल्स यांच्यात युद्ध पेटलं होतं. गटातले बरेच जण स्पेनचे, म्हणजे फ्रान्सच्या दृष्टीनं शत्रूच्या मुलखातले. म्हणून त्यांनी लॉरेन, बासेल, कॉन्स्टन्स असा लांबचा रस्ता धरला आणि ऐन हिवाळ्यात आल्प्स ओलांडला. वाटेतले काही भाग नुकतेच प्रोटेस्टंट झाले होते. तिथून हे लोक गळ्यात जपमाळ घालून उघडपणे चालत गेले. पाठीवर पुस्तकं, हातात काठी, अंगावर विद्यार्थ्यांचे झगे.

शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या वारकऱ्यांना अशा चालण्याचा अंदाज येईल. फरक इतकाच, की पालखीच्या वाटेवर मुक्काम ठरलेले असतात, गावोगावी जेवण असतं. या नऊ जणांना रात्रीचा निवारा मिळेल की नाही, हेही माहीत नसायचं. 8 जानेवारी 1537 रोजी, म्हणजे 54 दिवसांनी, ते व्हेनिसला पोहोचले.

लोरेतो, रोम आणि पोपची परवानगी

जहाजं उन्हाळ्यात सुटत. तोवर हे मित्र व्हेनिसच्या रुग्णालयांमध्ये काम करू लागले. फ्रान्सिस यांच्या वाट्याला असाध्य रोग्यांचं रुग्णालय आलं. जखमा धुणं, अंथरुणं बदलणं, मृतांना पुरणं अशी ती कामं होती.

जेरुसलेमला जायला पोपची परवानगी लागायची. ती मिळवण्यासाठी 1537 च्या उपवासकाळात इग्नेशियस सोडून बाकीचे रोमला निघाले. पुन्हा पायी, भीक मागत. वाटेत त्यांनी लोरेतोचं दर्शन घेतलं. नाझरेथमधलं मारियामातेचं घरच इथे आणलं गेलं, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्यामुळे त्या काळी युरोपातल्या सर्वांत मोठ्या तीर्थांमध्ये लोरेतोची गणना व्हायची. आज युरोप यात्रेत हमखास असणारी लूर्द आणि फातिमा ही ठिकाणं तेव्हा तीर्थ म्हणून कुणाला माहीतही नव्हती. लूर्दची कथा 1858 ची आणि फातिमाची 1917 ची.

रोममध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्यांना जेवणाच्या वेळी बोलावलं आणि विद्वानांसोबत त्यांची चर्चा ऐकली. त्यांनी यात्रेची परवानगी दिली, धर्मगुरूपदाची दीक्षा घ्यायला संमती दिली आणि प्रवासासाठी पैसेही दिले. इतरांनीही मदत केली. 24 जून 1537 रोजी व्हेनिसमध्ये फ्रान्सिस यांना दीक्षा मिळाली.

परवानगी होती, पैसे होते, माणसं तयार होती. नव्हतं फक्त जहाज. त्याच वर्षी व्हेनिस आणि ऑटोमन तुर्क यांच्यात युद्ध भडकलं आणि यात्रेकरूंची वाहतूक बंद पडली. सगळे वर्षभर थांबले. फ्रान्सिस बोलोन्याला गेले, तिथे थंडीनं आणि तापानं बेजार झाले. जहाज काही निघालं नाही. यात्रेसाठी मिळालेले पैसे या मित्रांनी देणाऱ्यांना परत केले.

आता शपथेतला दुसरा भाग लागू झाला. 1538 च्या अखेरीस ते सगळे पोपसमोर उभे राहिले.

दुसऱ्याच्या आजारपणामुळे मिळालेला प्रवास

त्याच सुमारास पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन आशियातल्या आपल्या ठाण्यांसाठी धर्मगुरू शोधत होता. इग्नेशियस यांनी दोघांची नावं ठरवली. त्यात फ्रान्सिस नव्हते. ते रोममध्ये इग्नेशियस यांचा पत्रव्यवहार पाहायचे. निवडलेल्यांपैकी निकोलस बोबादिया ऐनवेळी आजारी पडले आणि त्यांच्या जागी फ्रान्सिस यांना पाठवायचं ठरलं. तयारीला जेमतेम एखादा दिवस मिळाला. मार्च 1540 मध्ये त्यांनी रोम सोडलं आणि ते परत कधीच गेले नाहीत. सहा महिन्यांनी पोपनं या मित्रांच्या संघाला, म्हणजे जेझुइटांच्या येशूसंघाला, अधिकृत मान्यता दिली.

7 एप्रिल 1541 ला, 35 व्या वाढदिवशी, ते लिस्बनहून जहाजात बसले. वाटेत मोझांबिकमध्ये काही महिने अडकले, तिथेही आजाऱ्यांची सेवा केली. 13 महिन्यांच्या प्रवासानंतर 6 मे 1542 रोजी ते गोव्यात उतरले.

ते पोपचे प्रतिनिधी म्हणून आले होते, तरी राहिले रुग्णालयात. कैदी आणि कुष्ठरोगी यांच्याकडे जात. रस्त्यानं घंटा वाजवत मुलांना गोळा करून शिकवत. पण गोव्यात ते सलग फार काळ राहिले नाहीत. तामिळनाडूचा मोती काढणाऱ्यांचा किनारा, मलाक्का, आजच्या इंडोनेशियातली मलुकू बेटं, असा त्यांचा प्रवास चालूच राहिला. आपल्या वसईलाही ते येऊन गेले. 15 ऑगस्ट 1549 रोजी ते जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. मोंमार्त्रच्या शपथेला त्या दिवशी बरोबर 15 वर्षं झाली होती.

त्यानंतर त्यांना चीन गाठायचा होता. परदेशी माणसाला तिथे प्रवेश नव्हता. चीनच्या किनाऱ्याजवळच्या सान्शियन बेटावर एका व्यापाऱ्याच्या नावेची वाट पाहताना ते आजारी पडले आणि 3 डिसेंबर 1552 रोजी, 46 व्या वर्षी वारले. आयुष्यात दुसऱ्यांदा जहाज आलं नाही.

त्यांचं शव आधी मलाक्काला आणि मार्च 1554 मध्ये गोव्यात आणण्यात आलं. 1622 मध्ये त्यांना आणि इग्नेशियस यांना एकाच दिवशी संतपद मिळालं.

वादाची बाजू

झेविअर यांची गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी राहील. 1546 मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, नेमण्याची मागणी केली होती. ते प्रत्यक्षात सुरू झालं 1560 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि 1812 पर्यंत चाललं. नवख्रिस्ती, ज्यू वंशाचे लोक आणि हिंदू यांना त्याची झळ बसली. गोव्यातली देवळंही पोर्तुगीज सत्तेच्या काळात पाडली गेली. न्यायालयाच्या कारभारात झेविअर यांचा हात नव्हता, पण मागणी त्यांनी केली होती, हेही खरं. म्हणूनच गोव्यात त्यांच्याबद्दल अपार श्रद्धाही आहे आणि अधूनमधून वादही पेटतो. श्रद्धा ठेवणाऱ्यांत ख्रिश्चनांबरोबर अनेक हिंदूही आहेत.

त्यांच्या वाटेनं जायचं असेल तर?

वसई, मुंबई आणि गोव्यातून रोम, लूर्द, फातिमा अशा यात्रा नेहमी निघतात. झेविअर यांच्या आयुष्याच्या क्रमानं जायचं असेल तर आराखडा असा होतो.

• हाविएर, स्पेन: पाम्पलोनापासून सुमारे 50 किलोमीटर. पाडलेला किल्ला पुन्हा बांधण्यात आला आहे. मार्चमध्ये नवारमधून हजारो लोक इथे पायी येतात. त्या पदयात्रेला 'हाविएराडा' म्हणतात.

• पॅरिस: मोंमार्त्रवरचं शपथेचं ठिकाण. जुनं चॅपेल उरलेलं नाही, त्या जागी नंतर बांधलेलं आहे.

• व्हेनिस आणि लोरेतो, इटली: एक दीक्षेचं शहर, एक वाटेतलं तीर्थ.

• रोम: जेझुइटांचं जेसू चर्च. झेविअर यांच्या उजव्या हाताचा भाग 1614 पासून इथे आहे.

• लिस्बन, पोर्तुगाल: इथून त्यांचं जहाज सुटलं. फातिमा इथून जवळ आहे.

हे चारही देश शेंगेन क्षेत्रात येतात, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो द्यावा लागतो. निदान 30 हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमाही लागतो.

झेविअर यांच्या काळात हीच परवानगी पोपकडून आणावी लागायची. ती हातात असूनही त्यांची यात्रा युद्धामुळे थांबली. पण जमलं नाही तर काय करायचं, हे त्यांनी निघण्याआधीच ठरवून ठेवलं होतं. जेरुसलेमचं जहाज वेळेवर सुटलं असतं, तर कदाचित जुन्या गोव्यात आज ही चांदीची पेटी नसती.