चार तारा, एक सूर : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

आपल्या बीड जिल्ह्यात कुठल्याही गावी हरिनाम सप्ताह बसला की वीणा खाली ठेवली जात नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि रात्रंदिवस तार छेडली जाते. पहाटे सुरात लागलेली ही वीणा दुपारच्या उन्हात उतरते, हे पहारा देणाऱ्यांच्या लक्षात येतं. तापल्यावर धातूची तार किंचित लांबते, तिचा ताण कमी होतो आणि सूर खाली येतो. मग कुणीतरी जाणता माणूस खुंटी पिळतो. ही खुंटी नेमकी किती पिळायची, याचा ध्यास एका मोठ्या गवयाने जन्मभर घेतला. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हे ते गवई.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी झाला. घर सारंगियांचं. सारंगीला पडदे नसतात. नखाच्या कडेने तार दाबून सूर शोधावा लागतो आणि केसभर चूक झाली तरी ती ऐकू येते. लहानपणी कानाला लागलेली ही सवय पुढे त्यांच्या गायकीचा पाया ठरली. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गवई होते. तिथे ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले. दोघांनी बडोदा सोडलं आणि महाराष्ट्र गाठला. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांची मुलं.

एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा महाराष्ट्रात प्लेगने थैमान घातलं होतं. त्या काळात खाँसाहेब मिरजेत प्लेगने आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, अशी आठवण मिरजेत आजही सांगतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. वैद्यकशास्त्र सांगतं की गाठीच्या प्लेगमध्ये उपचार न मिळालेल्या शंभरांपैकी ३० ते ६० रुग्ण दगावतात, म्हणजे काही जण औषधाविनाही वाचतात. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. वाचलेल्या माणसाला आपलं जगणं कुणाची तरी कृपा वाटावी, हे साहजिकच. पुढे खाँसाहेबांनी मिरजेलाच घर केलं.

त्यांना मिरज मानवण्याचं आणखी एक कारण होतं. हे तंतुवाद्यं घडवणाऱ्यांचं गाव. मूळचे शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तंबोरे, सतारी बनवू लागले. त्यांत फरीदसाहेबांचं नाव आदराने घेतलं जातं. तंबोऱ्यासाठी पंढरपूर भागातला कडू भोपळा वाळवून, पोखरून घ्यायचा, त्यावर लाकडाची तबली बसवायची, पोकळ दांडी जोडायची आणि वर खुंट्या लावायच्या. खाँसाहेब या कामात नुसते गिऱ्हाईक नव्हते. ते स्वतः वाद्यं दुरुस्त करत आणि त्याची हत्यारं प्रवासातही बरोबर बाळगत.

तंबोऱ्याला तारा चारच, पण त्या नीट लावणं सोपं नाही. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या म्हणजे षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. चारही तारांची लांबी सारखी असते, पण खर्ज मात्र जोडीपेक्षा पूर्ण सप्तक खाली हवा. तारेची कंपनं निम्मी करायची असतील आणि तार तीच ठेवायची असेल, तर ताण एक चतुर्थांशावर आणावा लागतो. अशी ढिली तार घोडीवर नुसती खडखडते. म्हणून खर्जाला जाड तार घ्यायची. जाडी दुप्पट केली की वजन चौपट होतं आणि ताण जवळपास तेवढाच राहतो. पितळ पोलादापेक्षा जड असल्यामुळे दुपटीहून थोडी कमी जाडीही पुरते. जोडीची पोलादी तार ०.३० मिलिमीटरची असेल, तर समान ताणासाठी खर्जाची पितळी तार हिशेबाने साधारण ०.५७ मिलिमीटरची येते. कारागीर हा हिशेब मांडत नाही, बोटांना ताण सारखा लागेपर्यंत तारा बदलून पाहतो.

दुसरी गोष्ट जवारीची. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी सौम्य उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून तो योग्य जागी आणला की तार मिटल्यासारखी न वाजता उमलते आणि तिच्यातले वरचे उपस्वर ठळक होतात. हे घडतं कसं, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये कोलकात्याहून शोधनिबंध लिहिला. तार ज्या जागी छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू पडतो, ते उपस्वर जुन्या नियमानुसार ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते स्पष्ट येतात, असं त्यांनी दाखवलं. एका तारेची जवारी मोकळी आणि दुसरीची बंद असली, तर एक तार बोलते आणि दुसरी गप्प बसते. चारही तारांचा मिळून एकच सूर यायचा, तर घोडी चारही तारांखाली सारखी घासलेली हवी.

अशा तंबोऱ्यात कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. खर्जाची तार पाच समान भागांत कंप पावते, तेव्हा तिचा पाचवा उपस्वर दोन सप्तकं वरच्या गंधारावर पडतो. हा गंधार षड्जाच्या नेमका सव्वापट असतो. बाजारातल्या हार्मोनियमचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका चढा असतो. आपल्याला हा फरक क्षुल्लक वाटतो, खाँसाहेबांच्या कानाला तो खुपत असे.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त सरकारी अधिकारी श्रुती मोजण्याच्या मागे लागले होते. खाँसाहेबांनी त्यांना सूर गाऊन दाखवले आणि देवलांनी तारेच्या लांबीवरून त्यांची गुणोत्तरं काढली. देवलांचं या विषयावरचं पुस्तक १९१० मध्ये आलं. सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी त्याच दिशेने श्रुतींची पेटी तयार करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या पेटीवर मोठा वाद झाला आणि ती विद्वानांच्या गळी उतरली नाही. राग गाताना सूर थोडा हलतो, तो एका जागी खिळवता येत नाही, ही हरकत आजही निकालात निघालेली नाही. पण एका मुरलेल्या गवयाने आपला कान मोजमापासाठी पुढे केला, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. विद्या दडवून ठेवण्याचा तो जमाना होता. खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं आणि ते सर्वांना खुलं ठेवलं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य.

१९२२ मध्ये ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. त्यानंतरच्या त्यांच्या गाण्यात करुण रस अधिक दाटला, असं जाणकार म्हणतात. ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासेकडच्या दौऱ्यावर होते. पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि ते सिंगपेरुमाळकोईल या छोट्या स्थानकावर उतरले. फलाटावर बिछाना घातला, नमाज झाली, तंबोरा जुळवला गेला आणि दरबारी रागात प्रार्थना गात असताना २७ ऑक्टोबरला त्यांचा प्राण गेला. वय चौसष्ट. छातीत दुखणं हा आजही दवाखाना गाठण्याचा इशारा आहे. त्या रात्री त्या स्थानकावर गाठण्यासारखा दवाखाना नव्हता.

मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात तिथे गवई हजेरी लावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मोबाइलवरचा तंबोरा स्वस्त पडतो आणि जवारी घासणारे हात कमी होत चालले आहेत. पुढच्या सप्ताहात वीणा गळ्यात आली, तर दुपारी एकदा खुंटी तपासा. तार सुरात आली की खाली दबलेला गंधार हळूच वर येतो का, ते कान देऊन ऐका.