संत जोसेफिन बखिता : मनावरचे साखळदंड

दिनांक ८ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफिन बखिता यांचा सण साजरा करते. ज्या कनोसियन धर्मभगिनींच्या शाळा मुंबईत आपल्या परिचयाच्या आहेत, त्यांच्याच संघातील या संत.

त्यांचा जन्म १८६९च्या सुमारास सुदानमधील दार्फुर प्रांतात झाला. लहान असतानाच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्यांना पळवून नेले. धास्तीने ती चिमुरडी स्वतःचे नावदेखील विसरली. बखिता हे नाव पळवणाऱ्यांनी ठेवले. अरबी भाषेत त्याचा अर्थ भाग्यवान! त्यांची अनेकदा विक्री झाली. एका तुर्की अधिकाऱ्याच्या घरी गोंदवण्याच्या नावाखाली त्यांच्या अंगावर ११४ चिरा पाडण्यात आल्या आणि त्यांत मीठ चोळण्यात आले.

१८८३ साली खार्टुममध्ये एका इटालियन उपवाणिज्यदूताने त्यांना विकत घेतले. तेथे प्रथमच मारहाण थांबली. १८८५ साली त्या इटलीत आल्या आणि एका कुटुंबात मुलीला सांभाळू लागल्या. पुढे मालकीणबाई परदेशी गेल्या, तेव्हा बखिता त्या मुलीसह व्हेनिसच्या कनोसियन भगिनींकडे राहिल्या. बाई न्यायला परत आल्या, तर बखितांनी जाण्यास ठाम नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २९ नोव्हेंबर १८८९ रोजी त्या स्वतंत्र असल्याचा निर्णय झाला. ९ जानेवारी १८९० रोजी त्यांचा स्नानसंस्कार झाला. १८९६ साली त्यांनी व्रते घेतली. स्कियो गावच्या मठात त्यांनी स्वयंपाक केला, दार सांभाळले.

आपली कहाणी त्यांनी १९१० साली एका धर्मभगिनीला सांगितली, ती लिहून घेण्यात आली. छळ करणाऱ्यांना त्यांनी मनापासून क्षमा केली होती. तरीही १९४७ साली शेवटच्या आजारात, सुटकेनंतर ५७ वर्षांनी, त्या पुन्हा गुलामीत जगू लागल्या. साखळदंड फार जड आहेत, जरा सैल करा, अशी विनवणी त्या शुश्रूषा करणाऱ्या भगिनीला करीत होत्या.

संतांच्या चरित्रातला हा प्रसंग आपण सहसा घाईने ओलांडतो. मारहाण, अपघात, अत्याचार किंवा जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू यांनंतर कुणी दचकून उठते, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा अनुभवते, त्या रस्त्याने जाणे टाळते, घरच्यांवर विनाकारण चिडते किंवा अगदी गप्प होते. त्याला आपण प्रार्थना वाढवायला सांगतो. प्रार्थना हवीच, पण बखितांची श्रद्धा काय कमी होती? हा मनाला झालेला आघात असतो आणि त्यावर उपचार आहेत. असा त्रास महिनाभरानंतरही टिकला, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर महिन्याची वाट पाहू नये. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतून बोलता येते. सगळे एकदम सांगणे जमले नाही तरी चालते. बखितांची कहाणी १९३० साली एका लेखिकेने त्यांच्याकडून पुन्हा ऐकली, तेव्हा कुठे पुढल्या वर्षी तिचे पुस्तक झाले.