पोरं शाळेत टिकावीत म्हणून मंगळसूत्र दिलं

पणदरे : आता कोणती शाळा बरी, यावर घरोघरी खल होतो. शंभर वर्षांपूर्वी खेड्यातल्या पोराला निवडच नव्हती. पुढची शाळा शहरात, तिथं राहायचं कुठं अन् खायचं काय? कुंभोजला १८८७ साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी खरी अडचण हीच ओळखली. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एकाच पंगतीला! एकदा धान्य संपलं. पोरं घरी परतली असती तर शाळा कायमचीच सुटली असती. पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आधीच दिले होते, मग मंगळसूत्रही दिलं. त्या १९३० मध्ये गेल्या. कर्मवीर ९ मे १९५९ पर्यंत गावोगाव शाळा काढत राहिले.