अंगणाला शाळा करणाऱ्या ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आज महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात समजावून सांगावा लागत नाही. पाड्यापाड्यांवर अंगणवाडी आहे, तिथे सेविका आहेत, मुलांच्या वजनाची नोंद आहे, खाऊ आहे. शब्द इतका रुळला की तो सरकारी कागदातून आला असावा असेच अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो एका शिक्षिकेच्या अनुभवातून आला आणि त्याचे जन्मस्थान आपल्यापासून फार दूर नाही. बोर्डी आणि कोसबाड ही डहाणू तालुक्यातील गावे आज वसई धर्मप्रांताच्या हद्दीत आहेत. तेथे ताराबाई मोडक ह्यांनी जे काम उभे केले, त्याची ओळख आपल्या वाचकांना व्हावी म्हणून त्यांचे जीवन येथे थोडक्यात सांगत आहोत.

जन्म आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई ही दोघेही प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांची होती. मुलींना अक्षरओळखही दुर्मिळ असण्याच्या त्या काळात ताराबाई महाविद्यालयात गेल्या व १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली त्या पतीपासून कायमच्या विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी होती आणि समाजाची नजर कठोर होती. अशा वेळी खचून न जाता त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निर्धार केला आणि राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. त्या काळी एका भारतीय स्त्रीला असे पद मिळणे ही मोठी गोष्ट होती.

हे मानाचे स्थान त्यांनी फार काळ राखले नाही. सौराष्ट्रातच भावनगर येथे गिजुभाई बधेका हे एक बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाला कसे शिकवावे ह्या विचारातून ते डॉ. मारिया मॉन्टेसोरी ह्यांच्या ग्रंथांकडे वळले आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी हे बालमंदिर सुरू केले. इटलीतील एका कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या ह्या विदुषीने रोममधील गरीब कामगारवस्तीतील मुलांसाठी १९०७ साली आपले पहिले बालगृह उघडले होते. मूल डोळ्यांनी, कानांनी आणि विशेषतः हातांनी शिकते. मोठ्यांनी शिक्षा व बक्षीस ह्यांचा धाक-लोभ न दाखविता त्याला योग्य साधने व मोकळीक द्यावी, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. १९२३ साली ताराबाई भावनगरला आल्या आणि सुमारे नऊ वर्षे तेथे राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाच्या प्रसारासाठी शिक्षणपत्रिका निघू लागली व पुढे ताराबाईंनी तिची मराठी आवृत्तीही चालविली.

शहरातून खेड्याकडे

मुंबईला परतल्यावर १९३६ साली त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. मराठी बालशिक्षणाच्या इतिहासात ह्या संस्थेचे स्थान मोठे आहे. बालवर्गाबरोबरच शिक्षिका घडविण्याचे कामही तेथे होऊ लागले. संस्था नावारूपास आली, पालकांचा विश्वास मिळाला. एखाद्याने येथेच समाधान मानले असते. ताराबाईंना मात्र एक प्रश्न स्वस्थ बसू देत नव्हता. ही पद्धत जन्मली गरिबांच्या वस्तीत. पण आपल्याकडे तिचा लाभ शहरातील सुस्थितीतल्या मुलांनाच मिळत होता. मॉन्टेसोरी साधने लाकडाची, घोटीव, मोजमापाने अचूक आणि म्हणूनच महाग होती. खेड्यातल्या मुलाने ती कोठून आणावीत?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी जिद्दीने शिक्षण घेतले होते. पुढे ह्या दोघींची नावे बालशिक्षणाच्या क्षेत्रात एकत्रच घेतली जाऊ लागली. ते वर्षही लक्षात ठेवण्याजोगे आहे. डहाणू-उंबरगाव पट्ट्यातील वारली शेतमजूर ह्याच सुमारास सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ज्या घरांत दोन वेळच्या अन्नाची शाश्वती नव्हती, तेथे तीन वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाची गोष्ट बोलणे म्हणजे चेष्टाच वाटावी, अशी ती परिस्थिती होती.

अंगणात भरलेली शाळा

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गावाच्या कडेच्या गरीब वस्त्यांतील मुले तिच्याकडे फिरकेनात. आईबाप पहाटे कामावर जात. मुलांना कोणी न्हाऊ घालावे, कोणी पोहोचवावे? शिवाय नीटनेटक्या मुलांच्या घोळक्यात आपले मूल कसे पाठवावे, हा संकोचही होताच. येथे दुसरे कोणी असते तर पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असे म्हणून मोकळे झाले असते. ताराबाईंनी दोष पालकांवर टाकला नाही. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या आणि एखाद्या घराच्या अंगणात किंवा झाडाच्या सावलीत मुले जमवू लागल्या. वेळ ठरवायची ती वस्तीच्या सोयीने. हीच अंगणवाडी.

तेथे पाटी-पेन्सिलीने आरंभ होत नसे. आधी हातपाय धुणे, आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे. ही स्वच्छता मुलांच्या दृष्टीने पाण्याचा खेळच होता आणि हाताला मिळालेले पहिले शिक्षणही. मग गाणी, गोष्टी, नाच आणि खेळ. घरातल्या बाया काम करता करता दारातून हे सारे पाहत, त्यामुळे मुलाबरोबर घरही थोडे थोडे शिकत असे. चार भिंतींच्या शाळेत हे घडणे कठीण होते.

महागड्या साधनांचा प्रश्नही अंगणानेच सोडविला. बोर्डीला समुद्रकिनारा आहे, शेत आहे, झाडे आहेत. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती ह्यांतून ताराबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षणाची साधने तयार केली. लहानमोठे शिंपले क्रमाने लावताना मुलाला आकार कळतो. खडबडीत आणि गुळगुळीत खडे चाचपताना स्पर्श जागा होतो. बिया मोजताना संख्या हातात येते, तर पाने निवडताना रंग, कडा आणि वास ओळखू येतात. ही साधने विकत आणावी लागत नाहीत; मुलांनीच ती गोळा करावयाची असतात. त्यामुळे फेरफटका ही वर्षातून एकदा काढावयाची सहल न राहता रोजच्या शिक्षणाचा भाग झाला. लहान मूल वाटेवर वाकून एखादी मुंगी न्याहाळत उभे राहिले, तर मोठ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. बालशिक्षणाच्या दृष्टीने तोच त्या दिवसाचा धडा असतो. जे पाहिले, उचलले, हुंगले, त्यासाठी मुलाला शब्द हवासा वाटतो आणि तो शब्द त्याचा होतो.

कोसबाडची टेकडी

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता भोवती सारे आदिवासी पाडे होते. येथे एक नवी अडचण दिसून आली. थोडी मोठी मुले शाळेत येत नसत, कारण काही धाकट्या भावंडांना सांभाळीत, तर काही गुरे राखीत. ताराबाईंनी पुन्हा तोच मार्ग धरला. शाळेच्याच आवारात तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि पुढे प्राथमिक शाळा अशी एकत्र रचना त्यांनी केली. कडेवरच्या भावंडाला पाळणाघरात ठेवून ताई स्वतः वर्गात बसू शकली. ह्या योजनेला विकासवाडी असे नाव मिळाले. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असतील तेथे शिक्षक जात आणि माळावरच खेळ, गाणी, गणित चाले. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा होती.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. योगायोग असा की ३१ ऑगस्ट हाच डॉ. मॉन्टेसोरी ह्यांचा जन्मदिवस होय. पुढे १९९२ मध्ये आपल्या निधनापर्यंत अनुताई वाघ ह्यांनी कोसबाडचे कार्य चालविले. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज देशभर अशी सुमारे १४ लाख केंद्रे आहेत.

आपण काय घ्यावे?

नाव सर्वत्र पोहोचले, पण त्यामागचा विचार पोहोचला काय, हा प्रश्न आम्हांस पडतो. आज आपल्या गावांतून तीन वर्षांचे मूल गणवेश घालून, पाठीवर दप्तर घेऊन, गाडीत बसून शाळेस जाते. त्याने लवकर लिहावे आणि इंग्रजीतून कविता म्हणावी अशी आपली अपेक्षा असते. चिखलात हात घातला की आपण ओरडतो. पूर्वी गरिबीमुळे मूल शाळेपासून दूर होते. आज शाळेमुळे ते मातीपासून दूर होत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून आणि कृतीतून शिक्षण हीच दिशा सांगितली आहे. ताराबाईंनी ती अनेक दशके आधी शिंपले आणि बिया ह्यांच्या साहाय्याने दाखवून दिली होती.

आपल्या घरामागे अजून वाडी आहे, विहीर आहे, कोठे कोठे बावखलही शिल्लक आहे. त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही. बालवर्ग चालविणाऱ्या शिक्षिकांनी आठवड्यातून एक-दोन वेळा मुलांना शेताच्या बांधापर्यंत न्यावे. आजी-आजोबांनी नातवंडांना बी पेरू द्यावे आणि ते उगवते की नाही हे रोज त्यांनाच पाहू द्यावे. पालकांनीही संध्याकाळी शाळेत काय लिहिले हे विचारण्याआधी आज काय पाहिले हे विचारावे. बोर्डी-कोसबाडच्या टेकडीवर ज्या बाईने आपले उत्तरायुष्य वेचले, तिला वाहिलेली आदरांजली ह्याहून वेगळी असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.